गमरेवहिनींचं वरचं पान

गमरेवहिनींना कुठलीही गोष्ट थोडक्यात सांगता येत नसे. "वहिनी, आज पाणी किती वाजता येणार?" एवढंच विचारलं, तरी त्या पंप चालवणाऱ्या माणसाच्या बायकोच्या बाळंतपणापासून सुरुवात करायच्या. मग त्या बाळाचं वजन, बाळाच्या आजीचा स्वभाव, आजीनं सुनेला खाऊ घातलेल्या अळिवाच्या खिरीची कृती, असं करत करत त्या पाण्याच्या वेळेपर्यंत पोचायच्या, तोवर पाणी येऊन गेलेलं असायचं.

पुढे याच बाईंकडे आमची सगळी बिल्डिंग "वहिनी, जरा थोडक्यात मांडून द्या ना" म्हणत येऊ लागली, हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. खाडीवरचा पूल होऊन काही वर्षं झाली होती, तरी मुंबईचे टॅक्सीवाले वाशीचं नाव काढलं की मान फिरवायचे. मोकळ्या माळावर चार-चार मजल्यांच्या बिल्डिंगा उभ्या होत्या, मधे धूळ, पलीकडे खारफुटी. संध्याकाळचा वारा रसायनांच्या कंपन्यांकडून आला तर सगळ्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या आणि खाडीकडून आला तर उघडायच्या. सगळेच नवे होते, कोणाचेच नातेवाईक जवळ नव्हते, त्यामुळे समोरचं दार हेच नातं. आमच्या समोरचं दार गमऱ्यांचं होतं. मी प्लॅनिंगच्या ऑफिसात ट्रेसर होते. म्हणजे साहेब लोकांनी आखलेले रस्ते, गटारं आणि प्लॉट ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचं काम. माझे यजमान फोर्टात बँकेत. गमरे तुर्भ्याच्या एका कंपनीत फिटर होते, शिफ्ट ड्यूटी. धिप्पाड माणूस, बोलणं जवळजवळ नाहीच. घरातलं सगळं बोलणं वहिनींनी एकटीनं उचललेलं.

वहिनी महाडकडच्या. मॅट्रिक झालेल्या. दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फळीवर रेडिओ, आणि रेडिओवर झालर लावलेला रुमाल. घर नेहमी आरशासारखं. आणि त्या घरात विशाखा, त्यांची एकुलती एक मुलगी, पहिलीत जाणारी.

विशाखाला फिट यायची.

मी ती पहिल्यांदा पाहिली एका रविवारी दुपारी. त्यांच्याकडे सुकटीची चटणी केली होती म्हणून वहिनींनी मला बोलावलं होतं. विशाखा घास हातात घेऊन एकदम एका जागी बघत राहिली आणि मग ताट उलटवत आडवी झाली. मी किंचाळले. गमरे उठून बाहेरच्या गॅलरीत गेले आणि कठड्याला दोन्ही हातांनी धरून पाठमोरे उभे राहिले. वहिनी मात्र पोरीला कुशीवर वळवून, डोक्याखाली आपला हात देऊन शांत बसल्या. सगळं निवल्यावर, पोर झोपी गेल्यावर, त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची कालची तारीख फाडली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं.

ही त्यांची सवय होती. विशाखाच्या बाबतीत काही घडलं की लिहायचं. फिट कधी आली, त्याआधी काय खाल्लं होतं, रात्री झोपली कशी, गोळी घेतली की थुंकली, शाळेतून रडत आली का. लिहायला कॅलेंडरची पानं, चहाच्या पुड्याचा कागद, बसची तिकिटं, काहीही चालायचं. आणि हे सगळं त्या एका उशीच्या अभ्र्यात भरून ठेवायच्या. अभ्रा इतका फुगला होता की एकदा त्यांच्याकडे आलेले पाहुणे तो डोक्याखाली घेऊन आडवे झाले होते म्हणे.

विशाखाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलातही दाखवत होते. पुढच्या खेपेला तिथं जायचं होतं तेव्हा गमऱ्यांची रजा मंजूर झाली नाही, म्हणून मी बरोबर गेले. सकाळी बसनं पूल ओलांडून निघालो, तरी तिथं पोचेपर्यंत लाइन जिन्यापर्यंत आलेली. आमचा नंबर लागला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. डॉक्टर तरुण होता, डोळे लाल, समोर चहाचा कप साय धरून पडलेला.

"काय त्रास? थोडक्यात सांगा."

वहिनींनी सुरुवात केली ती विशाखा पोटात होती तिथून. डॉक्टरांनी पेन आपटलं. "आता काय होतंय ते सांगा." तेव्हा वहिनी गडबडल्या आणि त्यांनी पिशवीतून तो अभ्रा काढून टेबलावर उपडा केला. कागदच कागद. काही टेबलाखाली उडाले. मागचा माणूस पुढे सरकला, शिपाई ओरडला, विशाखा रडायला लागली. डॉक्टरांनी जुन्याच कागदावर एक नवी गोळी लिहिली आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात या."

परतीच्या बसमध्ये मी संतापानं धुमसत होते. हे कसले डॉक्टर, ह्यांना माणुसकी नाही, असं बरंच काही बोलले. वहिनी खिडकीतून खाडी बघत होत्या. मग म्हणाल्या, "नलिनी, माणूस घाईत असतो गं, वाईट नसतो. त्याच्यासमोरची लाइन बघितलीस ना?"

"म्हणून काय ऐकूनही घ्यायचं नाही?"

"ऐकलं असतं त्यानं. पन मी सांगू काय? एवढीशी पोर माझी, आनि तिचं सांगायला केवढं हाय."

एवढं बोलून त्या पार वाशी येईपर्यंत गप्प राहिल्या. वहिनी गप्प बसलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

त्यानंतरच्या एका रविवारी मी ऑफिसातलं अर्धवट काम घरी आणलं होतं. जमिनीवर ड्रॉइंगचा सेट पसरला होता. वहिनी विरजण मागायला आल्या आणि विरजण विसरून तिथंच उकिडव्या बसल्या.

"हे पहिलं पान कसलं? ह्यात तर काहीच दिसत नाय. नुसत्या चौकटी."

"ह्याला की-प्लान म्हणतात. सगळा सेक्टर ह्या एका पानावर. मग कुठली चौकट कुठल्या पानावर मोठी करून दाखवलीय ते आकडे. गटार बघायचं असलं तर सगळी चळत उलटायला नको. इथं बघायचं आणि तेवढंच पान काढायचं."

"म्हणजे साहेबाला सगळी पानं बघायला लागत नायत?"

"साहेब बहुतेक वेळा हे एवढंच बघतात."

"आनि तेवढ्यात त्यांना सगळं कळतं?"

"सगळं नाही कळत. पण काय विचारायचं ते कळतं."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुज्याकडे कोरा कागद हाय?"

कोरा कागद म्हणजे ऑफिसच्या रद्दीत निघालेल्या जुन्या प्रिंटा. पुढे वाशीच्या गटारांचे नकाशे, मागची बाजू कोरी. त्या गठ्ठाभर मी त्यांना दिल्या. प्रिंट काढताना लागणाऱ्या अमोनियाचा वास त्या कागदांना यायचा, म्हणून वहिनी ते आधी गॅलरीत वाळत घालायच्या.

मग त्यांनी घर डोक्यावर घेतलं. अभ्रा जमिनीवर ओतला आणि एकेक चिठ्ठी वाचून ढीग लावायला बसल्या. फिटचा ढीग, झोपेचा, औषधाचा, खाण्याचा, शाळेचा. आणि एक सगळ्यांत मोठा ढीग, "लोक काय बोलले" त्याचा. त्यात कोणी ताईत सुचवला होता, कोणी चामड्याची चप्पल हुंगवायला सांगितली होती, कोणी एका देवऋषीचा पत्ता दिला होता.

"हा तरी टाकून द्या," मी म्हटलं.

"राहू दे. अंगात बिंगात काय येत नसतं हे मला माझ्या वडलांनी लहानपनीच सांगितलंय. पन माणसं चार शब्द बोलली, ती माझ्या पोरीच्या काळजीनंच ना?" त्यांनी त्या ढिगाला दोरा बांधला आणि वर एक कागद लावला. त्यावर लिहिलं, 'ह्यातलं काहीही डॉक्टरला सांगू नये.'

बाकीच्या प्रत्येक ढिगावर एकेक मोठं पान. त्याला त्या 'वरचं पान' म्हणायच्या. वरच्या पानाचे नियम त्यांनीच ठरवले. एकच पान, एकच बाजू. अक्षर असं, की उभ्या माणसाला वाचता यावं. आधी हल्ली काय होतं ते, मग पूर्वी काय होत होतं ते, मग अमुक गोष्ट कुठल्या चिठ्ठीत सापडेल त्याची खूण. आणि तळाशी एक रेघ मारून त्याखाली, 'मला माहीत नाही ते.' ही तळाची ओळ त्या कधीही रिकामी सोडत नसत. "माहीत नाय हे बोलायची लाज वाटते म्हनून तर माणूस लांबन लावतो," असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्याइतकी लांबण लावणारं दुसरं कोणी मला माहीत नसल्यामुळे मी ते मान्य केलं.

पान जमलं की नाही याची परीक्षा माझ्यावर. त्या चहाचं आधण ठेवायच्या आणि पान माझ्या हातात द्यायच्या. चहा उकळेपर्यंत वाचून झालं पाहिजे, आणि कप हातात पडल्यावर मी न बघता सगळं सांगितलं पाहिजे. अडखळले की पान रद्द. बिचारे गमरे कामावरून यायचे, पायातला एक बूट काढलेला, दुसरा तसाच, आणि दारातच त्यांच्या हातात पान यायचं.

"समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

मग गमरे माझ्याकडे बघायचे, मी छताकडे बघायचे.

औषधाचं पान सगळ्यांत जड गेलं. पहिल्या खेपेला त्यात बसचं भाडं, कंपाउंडरचा खोकला, सगळं आलं होतं. ते रद्द झालं. मग त्यांनी माझ्या ड्रॉइंगसारख्या आडव्या रेघा मारल्या. एका औषधाची एक रेघ, सुरू केलं तिथून बंद केलं तिथपर्यंत. रेघा मारून झाल्यावर त्या पान लांब धरून बघत राहिल्या. सगळ्या रेघा आखूड होत्या. कंपनीच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, फिट आली म्हणून ती सोडली. पनवेलच्या डॉक्टरांनी दुसरी दिली, पोर दिवसभर पेंगते म्हणून ती सोडली. मग तिसरी, मग चौथी. प्रत्येक वेळी त्या त्या दिवशी ते बरोबरच वाटलं होतं. वहिनींनी तळाशी रेघ मारली आणि लिहिलं, 'मला माहीत नाही ते : ह्यातलं एखादं औषध पुरतं दिलं असतं तर चाललं असतं काय?'

हॉस्पिटलात तोच डॉक्टर होता. तीच लाइन, तसाच कप. "थोडक्यात सांगा," तो म्हणाला. वहिनींनी तोंड उघडलं, मी डोळे मिटले. पण त्यांनी फक्त दोन पानं त्याच्यासमोर ठेवली, फिटचं आणि औषधाचं. त्यानं उभ्याउभ्याच नजर टाकली. मग तळापर्यंत आला आणि म्हणाला, "बसा."

त्या ओपीडीत कोणाला 'बसा' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बसायला दुसरी खुर्चीही नव्हती, शिपायानं स्टूल आणून दिलं.

"म्हणजे एकही औषध धड चालू दिलेलं नाही."

"तेच विचारलंय खाली."

"हो. बरोबर विचारलंय." त्यानं विशाखाला जवळ घेतलं, तपासलं, वजन बघितलं. "आपण आता एकच औषध देऊ. पूर्ण. सुरुवातीला पेंगेल, पेंगू दे. मधे फिट आली तरी बंद करायचं नाही. कोणी काही सांगितलं तरी मला विचारल्याशिवाय बदलायचं नाही. कळलं?" आणि आम्ही उठताना म्हणाला, "पुढच्या वेळीही असंच घेऊन या. बाकीचं ओझं घरी ठेवा."

फिट लगेच थांबल्या असं नाही. औषधानं हळूहळू अंतर वाढत गेलं, पण मधेच एखादी यायची, आणि त्यातली एक आली शाळेत, वर्गात. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका साठेबाईंनी वहिनींना बोलावून सांगितलं, की मुलीला काही दिवस घरीच ठेवा. काही दिवस म्हणजे काय ते वहिनींना कळलं. विशाखा दप्तर पोटाशी धरून दाराआड उभी होती.

साठेबाई पुढे मला भाजीवाल्याकडे नेहमी भेटत, आणि ही हकीकत त्यांनीच मला सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो, मी काही दुष्ट नाही. पण उद्या पोरीला काही झालं तर मी काय उत्तर देऊ? हेच मी त्यांना म्हटलं. तर त्या म्हणाल्या, 'बाई, तेच उत्तर उद्या लिहून आणते.'"

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी त्या पान घेऊन हजर. त्यातला मजकूर मला अजून आठवतो, कारण तो बरोबर झालाय की नाही हे ठरवताना मी त्या संध्याकाळी पोटाला तडस लागेपर्यंत चहा प्याले होते. 'विशाखाला फिट आली तर घाबरू नये. कुशीवर वळवावं. जवळची बाकं सरकवावी. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये. चप्पल किंवा कांदा हुंगवू नये. बहुतेक वेळा लगेच थांबते. लगेच थांबली नाही तर वाट न बघता डॉक्टरकडे न्यावं. थांबल्यावर ती झोपते, झोपू द्यावं. उठल्यावर तिला लाज वाटते, तेव्हा तिला कोणी काही विचारू नये.' खाली रेघ. 'मला माहीत नाही ते : कधी येईल.'

साठेबाईंनी ते पान शिक्षकांच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. विशाखाला ठेवून घेतलं, पण मनात धाकधूक होतीच. आणि मग एके सकाळी प्रार्थनेच्या रांगेतच विशाखा कोसळली. पोरं ओरडली. शिपाई पायातली चप्पल काढून धावत आला. "आणि मी कोणाच्या आवाजात ओरडले मलाच कळलं नाही," साठेबाई म्हणाल्या. "म्हटलं, ती चप्पल खाली ठेव! कागदात काय लिहिलंय? कुशीवर वळवा!" दोन शिक्षिकांनी तिला वळवलं, बाकीच्यांनी पोरांना वर्गात नेलं. फिट थांबली. विशाखा शिक्षकांच्या खोलीत चादरीवर झोपली आणि जागी झाल्यावर तिला कोणीही काही विचारलं नाही. मधल्या सुट्टीत ती आपली आपण वर्गात जाऊन बसली.

"सगळं झाल्यावर मी खुर्चीत बसले आणि रडले," साठेबाई म्हणाल्या. "घाबरून नाही हो. जमलं म्हणून."

विशाखाला शाळेतून काढायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

बिल्डिंगीत हे पसरायला वेळ लागला नाही. वहिनींनी पाण्याच्या वेळांचं एक वरचं पान करून जिन्यात लावलं आणि लोकांना त्याची इतकी सवय झाली की ते फाटलं तेव्हा तक्रारी आल्या. पण खरी गंमत झाली ती शिर्क्यांची. शिर्के सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांचं आणि त्यांच्या खालच्या भाडेकरूंचं गळतीवरून पेटलं होतं. जिन्यात भांडण, सोसायटीत भांडण, बायका एकमेकींकडे बघत नाहीत. शिर्के तावातावानं वहिनींकडे आले. "वहिनी, आपली केस एकदम स्ट्राँग आहे. फक्त नीट मांडून द्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवतो."

वहिनी म्हणाल्या, "मी नाय लिहिनार. तुमी लिहा. एकच पान. आनि खाली रेघ मारून, तुमाला माहीत नाय ते लिहा."

"मला माहीत नाही असं काहीच नाही."

"मग तुमी खालच्यांपेक्षा भाग्यवान. बसा, चहा ठेवते."

शिर्क्यांनी पान भराभर लिहिलं. कोण काय म्हणालं, कोणी कोणाला शिवी दिली, सगळं. तळाची रेघ मारली आणि पेन चावत बसले. चहा आला, पिऊन झाला. शेवटी त्यांनी कान खाजवत लिहिलं, 'पाणी नक्की कुठून गळतं.'

आतल्या खोलीत गमरे पहिल्यांदा मोठ्यानं हसलेले मी ऐकले. मग तेच हत्यारांची पेटी घेऊन शिर्क्यांबरोबर वर गेले. गळती शिर्क्यांची नव्हती आणि खालच्यांचीही नव्हती, टाकीच्या पाइपाचा जोड सुटला होता. मीटिंग झाली, पण त्यात फक्त भजी झाली.

मात्र सगळीच पानं अशी हसत झाली नाहीत. गमऱ्यांच्या कंपनीत दिघ्याचा एक हेल्पर होता, त्याच्या मुलालाही फिट यायच्या. त्याची बायको शांताबाई एका दुपारी वहिनींकडे आली. तिला विशाखाचं पान हवं होतं. कोणाकडून तरी उतरवून घेईन म्हणाली.

"माझ्या पोरीचं पान तुमच्या पोराला बसनार नाय," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या पोराचं आपन करू."

"मला लिवता येत नाय, बाई."

वहिनींनी मला हाक मारली. मी ट्रेसिंगची पेनं घेऊन गेले. शांताबाई सांगत गेली आणि वहिनी तिला सारख्या मधेच थांबवून विचारत, "डॉक्टर आधी काय विचारेल?" त्या बोलण्यातून एकेक गोष्ट गाळून निघायची आणि मी ती चित्रात काढायची. डोंगरामागून वर येणारा सूर्य म्हणजे सकाळ. आडवं पोर म्हणजे झोप. वाकडीतिकडी रेघ म्हणजे फिट. शेवटी तळाची रेघ मारली आणि मी विचारलं, "इथं काय काढू?"

शांताबाईच म्हणाली, "तिथं काय नको. कोरं ठेवा. मी डॉक्टरला बोलेन, इथलं तुमी सांगा."

वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती पान घडी न करता, दोन्ही हातांत धरून, तशीच बसस्टॉपपर्यंत गेली. तिचा मुलगा पूर्ण बरा झाला नाही, पण त्याच्या फिट पुष्कळ कमी झाल्या आणि तो पुढे एका वर्कशॉपमध्ये लागला, एवढं मला माहीत आहे.

विशाखाच्या फिट कधी थांबल्या, हे सांगणं कठीण आहे. थांबणं हे घडताना दिसत नाही. वहिनी रोज लिहीतच होत्या, 'आज काही नाही.' उद्याही 'काही नाही.' मी एकदा म्हटलं, "वहिनी, आता रोज कशाला?" तर त्यांनी घाईघाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. देवऋषीला न मानणारी बाई, पण हे मोठ्यानं बोलायची तिची हिंमत होत नव्हती.

मग कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्याकडे बसले असताना त्यांनी कॅलेंडरचं पान फाडलं आणि लिहिलं. मी डोकावले. 'आज विशाखानं मला उलट उत्तर दिलं.'

"हे कुठल्या ढिगात?" मी विचारलं.

वहिनींनी विचार केला. "ह्याला ढीग नाय," त्या म्हणाल्या, आणि चिठ्ठी पदराला बांधली.

काही वर्षं औषध चालू राहिलं. मग डॉक्टरांनी ते हळूहळू कमी करायला घेतलं, तेव्हा गमरे पुन्हा गॅलरीत उभे राहायला लागले. पण काही झालं नाही. गोळी अर्धी झाली, पाव झाली, बंद झाली. त्यानंतरही एक वर्ष त्यांनी हॉस्पिटलला फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीची हकीकत मला विशाखानं सांगितली, आईची आणि डॉक्टरांची नक्कल करत. तोवर ती माझ्या खांद्याला लागली होती, दोन वेण्या आणि शब्दाला शब्द. डॉक्टरांचेही केस पिकायला लागले होते.

डॉक्टर म्हणाले, "छान. आता येऊ नका."

वहिनी म्हणाल्या, "येऊ नको तर कुठं जाऊ?"

"घरी जा, बाई."

"आनि मग?"

"मग काही नाही. घरीच राहा."

विशाखा म्हणाली, "आणि नलूमावशी, आई तिथंच स्टुलावर बसून राहिली. उठेच ना. मागची लाइन ओरडायला लागली, तर डॉक्टरच म्हणाले, बसू दे त्यांना थोडा वेळ."

त्या संध्याकाळी गमऱ्यांनी मोठी कोलंबी आणली आणि स्वतः रांधली. मीठ जास्त झालं होतं. आम्ही सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली. जेवता जेवता वहिनी पुन्हा पूर्वीसारख्या बोलायला लागल्या. हॉस्पिटलमधल्या कुठल्याशा आयाच्या भावजयीची गोष्ट निघाली. ती गोष्ट त्यांनी इतकी लांबवली, इतक्या वाटांनी फिरवली, की गमरे ताटावरच पेंगायला लागले, आणि कोणी त्यांना थांबवलं नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता आम्हाला ऐरोलीला मोठी जागा मिळाली आणि आम्ही वाशी सोडली. येणं-जाणं राहिलं, मग आपोआप विरळ झालं. वहिनींना मी शेवटचं पाहिलं ते हमरस्त्यावरच्या एसटीच्या थांब्यावर. मी कामासाठी वाशीला गेले होते. वहिनी उभ्या होत्या. अंगात नवी, अजून परीटघडीची साडी, पायाशी एक पिशवी. एकट्याच.

"महाडला चाललेय. आईकडे," त्या म्हणाल्या.

"एकट्या? विशाखा?"

"तिचं कॉलेज हाय. बापाला डबा करून देते, बोलली. तू जा बोलली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वर्षांच्या शेजारात वहिनींना एकटीनं कुठं निघालेलं मी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "परत कधी?"

"बघू," वहिनी म्हणाल्या. "कंटाळा आला की."

महाडची गाडी आली. गर्दी नव्हती. त्या चढल्या, त्यांना खिडकी मिळाली. मी हात हलवायला म्हणून खाली उभी राहिले. पण त्यांच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, आणि गाडी सुटायच्या आतच वहिनींनी तिच्याकडे वळून काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. हातवारे करत, मधेच स्वतःच हसत. गाडी हलली, वळणावर गेली, तरी त्यांनी मागे वळून बघितलं नाही.